पंधरा नोव्हेंबरचा ट्रक

११ जानेवारी १९९७, शनिवार

आज ट्रक घेतला. टोलिव्हर पिकअप, गडद हिरवा, नऊ मैल चाललेला. आजपासून या वहीत त्याची नोंद ठेवणार. वही कोणाला दाखवायची नाही. नियम दोनच. घडेल तेच लिहायचं. कंपनीचा नोकर म्हणून बाजू घ्यायची नाही आणि मालक म्हणून रडायचं नाही.

हा ट्रक मी मुद्दाम निवडला. दाराच्या पट्टीवर ट्रक बनल्याचा नुसता महिना असतो, पण ऑफिसात बसून नंबरावरून दिवस काढता येतो. १५ नोव्हेंबर. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. आमच्या आल्डर फॉल्समध्ये त्या दिवशी कारखान्यातले निम्मे लोक आजारी पडतात आणि बंदूक घेऊन जंगलात बरे होतात. मग ऑफिसातल्या लोकांना ट्रक जोडायच्या लाइनवर उभं करतात. एरवी युनियननं आकाशपाताळ एक केलं असतं, पण त्या दिवशी तक्रार करणारे सगळे झाडांवरच्या मचाणांत बसलेले असतात.

म्हणून गावातलं कोणी पंधरा नोव्हेंबरचा ट्रक घेत नाही. ते सगळे दूरच्या राज्यांत पाठवतात. हा एकच हौद्याला ओरखडा पडल्यामुळे मागे राहिला होता. आपल्याच हातच्या मालाबद्दल एवढी अंधश्रद्धा बाळगणारं गाव दुसरं नसेल. कोणीतरी ती मोडायला हवी.

त्या दिवशी मीही लाइनवर होतो, सहा तास. काम एकच. ड्रायव्हरच्या पायाशी सांगाड्याला अर्थिंगची पट्टी लावायची, बोल्ट आवळायचा, पिवळ्या पेनानं खूण करायची. बाकीचे नुसती रेघ ओढतात. मी एल. झेड. लिहिलं. जबाबदारी घ्यायची तर नावानिशी घ्यावी, या मताचा मी आहे. नाव लिहायला दोन सेकंद जास्त लागत, म्हणून मी पद्धतच सुधारली. आधी चार-पाच ट्रकांवर ओळीनं नाव घालायचं, मग मागे येऊन सगळे आवळायचे. दोनशे बारा ट्रक झाले. शेवटी फोरमननं विचारलं, सगळे आवळलेस ना? मी म्हणालो, खूण आहे म्हणजे आवळलेला आहे.

गालिचा उचलून, वाकून पाहिलं. माझ्या ट्रकवर माझं नाव आहे.

१२ जानेवारी, रविवार

चर्चनंतर बाबा ट्रक बघायला आले. चौतीस वर्षं याच कारखान्यात होते, त्यातली शेवटची अकरा 'ढकल्यां'च्या टोळीत. लाइनच्या टोकाला जो ट्रक चालूच होत नाही त्याला लाइनवाले 'मेलेला' म्हणतात. सहाजणांनी मिळून तो ढकलत बाहेर न्यायचा, हे त्यांचं काम. बाबांचा खुबा त्यातच गेला. ऑपरेशन सप्टेंबरमध्ये आहे.

त्यांनी ट्रकभोवती एक चक्कर मारली, टायरला काठी लावली आणि तारीख विचारली. सांगितली. मग ते बराच वेळ ट्रककडे न बघता रस्त्याकडे बघत राहिले.

महत्त्वाची बातमी त्यांनी जाता जाता दिली. यंदाच्या कामगार दिनाच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारच्या, मिरवणुकीत निवृत्तांतर्फे मानकरी तेच. मानकऱ्यानं गावात बनलेल्या ट्रकच्या हौद्यात खुर्चीवर बसून सबंध मेन स्ट्रीटवरून युनियन हॉलपर्यंत जायचं, ही इथली रीत. मी लगेच म्हणालो, माझा ट्रक. ते म्हणाले, "अकरा वर्षं ढकललेत मी, लाइल. एकदा आपणहून चालणाऱ्या ट्रकवर बसायचंय."

वचन दिलं. आठ महिने आहेत. ट्रकला नऊ मैल झालेत. यात काळजी करण्यासारखं काय आहे?

बायकोनं, जोलीननं, रात्रीच्या जेवणाला विचारलं, की हे वचन तू बाबांना दिलंस की ट्रकला. तिची गाडी जपानी. एक लाख सत्याऐंशी हजार मैल झालेत. त्या गाडीत काही दोषच नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलण्यासारखंही काही नाही. कंटाळवाणी माणसंही अशीच असतात.

२७ जानेवारी, सोमवार

ऑफिस. ग्राहकांची एकतीस पत्रं. पंधरा वर्षं मी कंपनीतर्फे यांना उत्तरं देतो आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे. ट्रक बिघडत नाहीत, मालक बिघडतात. एकानं लिहिलं आहे की ट्रक 'रुसतो'. इंग्रजीची पदवी घेतलेल्या माणसानं हे वाचायचं.

माझा नियम आहे. पत्राचा पहिला परिच्छेद वाचायचा. तक्रार तिथेच असते. पुढे नुसत्या भावना. मग तीन नमुना उत्तरांतलं एक जोडायचं. क्रमांक एक: बॅटरीची टोकं साफ करा. क्रमांक दोन: आपला अनुभव प्रातिनिधिक नाही. क्रमांक तीन: माहितीपुस्तिका वाचा. खाली सही नाही, फक्त 'ग्राहकसंबंध विभाग'.

आज एक पत्र नेब्रास्काहून होतं. आर्डिथ कोल्बेक, खेड्यापाड्यांत टपाल वाटणारी बाई. हिचा नवा टोलिव्हर खड्ड्यातून गेला की बंद पडतो म्हणे. क्रमांक एक पाठवलं.

हा नियम अन्यायकारक आहे का, याचा घरी येताना विचार केला. नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

डावीकडे वळताना इंडिकेटर लावला. हॉर्न वाजला. उजवीकडे लावला तर वायपर एकदा फिरला आणि अर्ध्यावर थांबला.

थंडी उणे एकवीस. अशा थंडीत मीसुद्धा नीट वागत नाही. हा बिघाड म्हणून धरलेला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी रेल्वे फाटक ओलांडताना ट्रक बंद. दिवे गेले, रेडिओ गेला, काटे शून्यावर. चार मिनिटांनी आपोआप चालू. मागे सात गाड्यांची रांग. त्यातल्या दोन जपानी, मी मोजल्या. त्यातला एकजण खाली उतरून मदत हवी का विचारत होता. मी म्हणालो, दृश्य बघतोय. फाटकाजवळ खताचं गोदाम आहे.

बॅटरीची टोकं साफ केली. मुळातच साफ होती.

१७ मार्च, सोमवार

कोल्बेकबाईंचं तिसरं पत्र. पाच पानी, हातानं लिहिलेलं, दोन्ही बाजूंनी. पहिला परिच्छेद वाचला. टपालाच्या रस्त्यावर ट्रक नऊ वेळा बंद पडला, एकदा एका म्हाताऱ्याची औषधं दोन तास उशिरा पोचली, वगैरे. उरलेली साडेचार पानं भावनांची असणार. इतका वेळ असतो लोकांना.

क्रमांक दोन पाठवलं: आपला अनुभव प्रातिनिधिक नाही.

पत्र लावून ठेवताना फेयनं (ती आमची फायलींची बाई) विचारलं, पुढचं वाचलंस का. मी म्हणालो, फेय, पाच पानी पत्र लिहिणाऱ्या बाईला ट्रकची नव्हे, माणसाची गरज असते. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला पटलं असावं.

माझाही ट्रक अधूनमधून बंद पडतो, मग मी वेगळा काय, असा विचार क्षणभर आला. फरक आहे. मी समजून घेतो. ती तक्रार करते.

५ एप्रिल, शनिवार

डीलरकडे चौथी खेप. आतापर्यंत बॅटरी, ऑल्टरनेटर आणि स्टार्टर बदलून झाले. आज कॉम्प्युटर बदलला. मेकॅनिक ट्रेंट म्हणतो, माझ्यासमोर तर तो बंद पडतच नाही. ट्रकला माणसं कळतात, असा अर्थ मी काढला.

त्याला विचारलं, अर्थिंग तर नसेल? त्यानं गालिचा उचलून टॉर्च मारला. म्हणाला, खूण आहे, म्हणजे आवळलेला आहे. मी म्हणालो, अर्थातच. ते काम माझ्या हातचं आहे. एक शक्यता कायमची बाद झाली, हे चांगलं झालं.

जोलीन न्यायला आली. तिसऱ्यांदा. गाडीत हीटर माझ्या बाजूला वळवला. हा टोमणा होता का? ठरवता आलं नाही.

२४ मे, शनिवार

सात आठवड्यांत फक्त सहा वेळा बंद. सुधारणा आहे. त्यातले चार आठवडे ट्रक डीलरकडे होता, हेही नोंदवतो, म्हणजे माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको.

नव्या सवयी: खड्डे टाळणं. रेल्वे फाटक टाळणं (कामावर जायला अकरा मैलांचा वळसा). शक्यतो डावीकडे न वळणं. चालवणाऱ्यानं थोडी शिस्त पाळली तर या ट्रकसारखा ट्रक नाही.

युनियन हॉलच्या आवारात पाटी आहे: परदेशी गाड्या ओढून नेल्या जातील. म्हणून जोलीन तीन गल्ल्या पलीकडे चर्चपाशी गाडी लावते आणि बाबांना निवृत्तांच्या कॉफीला चालत सोडते. आज मी म्हणालो, चल, माझ्या ट्रकनं जाऊ, थेट दारात. बाबा म्हणाले, आज चालायला बरं वाटतंय. खुब्याचं दुखणं असलेला माणूस तीन गल्ल्या चालला. म्हाताऱ्या माणसांचे हट्ट.

४ जुलै, शुक्रवार

मागच्या अंगणात सॉसेजेस भाजली. हार्मकाका आले होते. हार्म डायकेमा, बाबांचे ढकल्या टोळीतले जोडीदार, वय सत्त्याहत्तर. त्यांच्याकडे अठ्ठ्याहत्तर सालचा टोलिव्हर आहे. रंग म्हणजे गंजच. पण चावी फिरवली की चालू होतो.

त्यांनी अगदी सहज विषय काढला. मिरवणुकीला माझा घेऊ या का? मी विचारलं, का. ते म्हणाले, "अरे लाइल, तुझा ट्रक देखणा आहे. पण मिरवणुकीत बापाला नुसतं देखणं करून काय करायचं, पुढं न्यायचंय ना?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, मी हो म्हणेन अशी वाट बघत होते.

मी म्हणालो, माझा ट्रक जाईल. एकोणीस वर्षं जुन्या खटाऱ्यातून मानकरी नेणं हा कारखान्याचा अपमान आहे. बाबांनी प्लेट खाली ठेवली. म्हणाले, असू दे हार्म, पोरानं शब्द दिलाय.

यात अहंकार होता का? रात्री बराच वेळ विचार केला. अहंकार असता तर मी स्वतःसाठी भांडलो असतो. मी ट्रकसाठी भांडलो.

१० ऑगस्ट, रविवार

हिशेब मांडला. जानेवारीपासून ट्रक चालू करण्याचे चारशे अठरा प्रयत्न. त्यांत यशस्वी तीनशे ऐंशी. जवळजवळ एक्क्याण्णव टक्के. कॉलेजात एक्क्याण्णव टक्क्यांना 'अ' मिळायचा. जोलीनला सांगितलं. ती म्हणाली, माझी गाडी शंभर टक्के. मी म्हणालो, शंभर टक्क्यांवर शहाण्या माणसानं संशय घ्यावा.

ऑफिसात कोल्बेकबाईंची पत्रं मार्चनंतर आलीच नाहीत. क्रमांक दोन लागू पडला.

मात्र तशाच तक्रारी इतरांच्या वाढल्या आहेत. आयोवा, कॅन्सस, दोन्ही डाकोटा. खड्डा, फाटक, हॉर्न. फेयनं एक चिठ्ठी लावून ठेवली आहे, की हे सगळे नंबर एकाच दिवसाचे दिसतात. सपाट राज्यांतले लोक. यांना खड्ड्यांची सवय नसते.

२४ ऑगस्ट, रविवार

रंगीत तालीम. हौद्यात स्वयंपाकघरातली खुर्ची दोरानं बांधली, तिच्यावर बटाट्याची गोणी बसवली आणि मेन स्ट्रीटवरून चाललो. ताशी तीन मैल. पूर्ण रस्ता पार. एकदाही बंद नाही.

घरी येऊन बाबांना फोन केला. म्हणालो, बटाटे व्यवस्थित पोचले. ते म्हणाले, छान. मग विचारलं, रस्ता पूर्ण केलास? युनियन हॉलसमोरच्या जुन्या ट्रामच्या रुळांवरूनही?

तिथे वळसा घेतला होता. हे त्यांना सांगितलं नाही. विचारलं होतं ते पूर्ण रस्त्याबद्दल, आणि वळसाही रस्ताच असतो.

३१ ऑगस्ट, रविवार

ट्रक धुतला, पॉलिश केला. फाळक्यावर नवी चकचकीत अक्षरं लावली. बाबांनी कारखान्याचं जुनं जॅकेट इस्त्रीला दिलंय. आई असती तर तिनं केलं असतं, असं म्हणाले. हल्ली ते आईचा विषय काढत नाहीत. उद्याला ते किती महत्त्व देतात हे कळलं.

हार्मकाकांचा फोन. त्यांचा ट्रक हॉलच्या मागच्या गल्लीत तयार ठेवतो म्हणाले, नुसता असू दे. मी आभार मानून नको म्हणालो. विश्वास अर्धवट ठेवता येत नाही.

निश्चय: रूळ अगदी हळू ओलांडायचे.

१ सप्टेंबर, सोमवार, कामगार दिन. सकाळी ७

पहिल्याच प्रयत्नात चालू. आकाश स्वच्छ. एक्क्याण्णव टक्के हा आकडा कमीच होता असं आता वाटतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घडेल तेच लिहायचं, असा नियम आहे.

मेन स्ट्रीट दोन्ही बाजूंनी भरलेला. पुढे हायस्कूलचा बँड, मागे आम्ही. बाबा खुर्चीवर, अंगात जॅकेट. आरशात मला त्यांचा हात दिसत होता. जरासा वर, जरासा हलता. ओळखीचं कोणी दिसलं की थांबायचा, मग परत हलायचा. बँकेपर्यंत, पोस्टापर्यंत, डोनटच्या दुकानापर्यंत सगळं उत्तम. मी मनात या वहीसाठी वाक्यं जुळवत होतो.

मग रूळ आले. अगदी हळू ओलांडले. पुढची चाकं पार, मागची पार. आणि युनियन हॉलच्या बरोबर समोर सगळं गेलं. इंजिन, दिवे, सगळं. फक्त हॉर्न चालू. तो थांबेचना. बँड वाजवायचा थांबला, कारण हॉर्न त्यांच्याहून मोठा होता.

चावी बावीस वेळा फिरवली. कोणीतरी हॉर्नची वायर काढून तो बंद केला. कोणी हसलं नाही. अख्ख्या गावाला कारण माहीत होतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं शेजारणीला सांगितलं, शिकारीच्या दिवसाचा आहे तो. तिनं ते कुजबुजत सांगितलं, जसं एखाद्या घरातल्या आजारपणाबद्दल सांगतात.

हार्मकाका गल्लीकडे निघाले होते. मी खिडकीतून ओरडलो, नको, होईल सुरू. ते थांबले. मग ट्रकच्या मागे आले. त्यांच्यामागे आणखी चौघे, सगळे सत्तरीच्या पुढचे, सगळे त्याच टोळीतले. ते काही ठरवल्यासारखे आले नाहीत. जागा ठाऊक असल्यासारखे आले. दोघे उजवीकडे, दोघे डावीकडे, हार्मकाका मध्ये. सहावी जागा रिकामी.

आरशात बाबा खुर्चीवरून उठताना दिसले. मी दार उघडून मागे गेलो, म्हणालो, तुम्ही बसा, तुमचा खुबा. त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि फाळका धरून खाली उतरले.

म्हणाले, "तू जाऊन स्टिअरिंग धर. मागचं मला येतं."

मग आम्ही गेलो. मानकऱ्याची खुर्ची रिकामी, मानकरी मागे. हॉलच्या आवाराचं दार पुढे सत्तर पावलांवर असेल. मी सरळ समोर बघत स्टिअरिंग धरून बसलो होतो. आरशात बघितलं नाही. एकदाच बघितलं. त्यांचं डोकं खाली होतं आणि जॅकेटच्या पाठीवरची कारखान्याची अक्षरं दिसत होती.

आवारात पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा पायरीवर बसले. घामानं इस्त्री गेली होती.

हार्मकाकांनी विचारलंसुद्धा नाही. गालिचा उचलला आणि आत हात घातला. टॉर्च नाही, डोळे मिटलेले. मग म्हणाले, बोल्ट बोटानं फिरतोय. मी म्हणालो, शक्य नाही, त्याच्यावर खूण आहे. ते म्हणाले, "खूण आवळलेली आहे, लाइल. बोल्ट सुटा आहे." मग डोळे उघडून वाकले आणि खूण वाचली. दोन अक्षरं. मोठ्यानं वाचली नाहीत.

बाबांना कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, असे किती?

दोनशे बारा, मी म्हणालो. म्हणजे सगळेच सुटे असतील असं नाही. पाचातला एखादा राहिला असेल.

जोलीन चर्चपासून गाडी घेऊन आली. सरळ आवारात, पाटीच्या खाली. हार्मकाकांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं. बाबा मागच्या सीटवर आडवे झाले आणि गाडी निघून गेली. आवाजही झाला नाही.

मला कोणीतरी पाना दिला. मी बोल्ट आवळला. ट्रक पहिल्या फटक्यात चालू झाला.

२ सप्टेंबर, मंगळवार

बाबांचा खुबा सुजला आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन महिनाभर पुढे. फोन केला तर जोलीननं उचलला. ती तिथेच आहे. बाबा झोपलेत म्हणाली. मागून बाबांचा आवाज आला, मीठ कुठं ठेवलंय म्हणून.

नीट विचार केला तर हा ट्रक निर्दोष ठरला आहे. त्याच्यात काहीच बिघाड नव्हता. एक बोल्ट, एवढंच. वाक्य लिहिलं आणि दोनदा वाचलं. मग खोडलं नाही, पण पुढे काही सुचलंही नाही.

दिवसभर ऑफिसात यादी केली. माझा सोडून दोनशे अकरा ट्रक. त्यांतल्या चाळीस मालकांची पत्रं आमच्या कपाटात आहेत. चाळिसांनाही उत्तर गेलेलं. माझं.

निश्चय: पत्र नाही. एकेकाला फोन. गालिचा उचला, बोल्ट आवळा. सगळ्यात आधी कोल्बेकबाईंना. तिची तीन पत्रं होती. कदाचित ती अजून कुठल्यातरी खड्ड्यात उभी असेल. फोन करण्याआधी पत्र परत वाचावं का? नको, पहिला परिच्छेद लक्षात आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी दहाला नेब्रास्काला फोन लावला. नाव सांगितलं, विभाग सांगितला. मग म्हणालो, बाई, आपल्या ट्रकच्या बाबतीत कंपनीनं सखोल तपास केला आहे आणि मूळ कारण शोधून काढलं आहे. ड्रायव्हरच्या पायाशी गालिच्याखाली एक बोल्ट आहे.

त्या म्हणाल्या, हो, मी तो मार्चमध्येच आवळला. तेव्हापासून ट्रक एकदाही बंद पडला नाही. लिहिलं होतं की तुम्हाला. तिसरं पत्र, दुसरा परिच्छेद. बोल्ट कुठे आहे त्याचं चित्रही काढलं होतं, म्हणजे दुसऱ्या कोणाचा अडला तर तुम्हाला सांगता येईल. त्यावर तुमचं उत्तर आलं, माझा अनुभव प्रातिनिधिक नाही.

फेयनं फाइल आधीच माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. पान उलटलं. चित्र चांगलं होतं. बोल्टाकडे बाण, गालिच्याची उचललेली कड, पान्याचं माप. वर शिक्का, १७ मार्च. मिरवणुकीच्या आधी साडेपाच महिने.

मी म्हणालो, कंपनी आपली आभारी आहे. आणखी काही मदत हवी असेल तर सांगा.

त्या म्हणाल्या, मदत नको. पत्राच्या शेवटी एक प्रश्न विचारला होता, त्याचं तेवढं उत्तर राहिलंय. "बोल्टावर पिवळ्या रंगात दोन अक्षरं आहेत. एल. झेड. हा कोण, एवढंच मला कळायला हवं होतं."

मी म्हणालो, चौकशी करून कळवतो.

पलीकडे पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही मघाशी तुमचं नाव काय सांगितलंत?"